घाम आणि मुक्काम

परभणीच्या उन्हाळ्यात घाम येतो म्हणून माणूस तगतो. ध्रुवीय बर्फावर मात्र घाम येणे हीच मोठी चूक ठरते. उणे तीस अंशांत ओले झालेले कपडे थांबताच गोठू लागतात, म्हणून सामानाची स्लेज, म्हणजे बर्फावरून घसरणारी गाडी, ओढणारे चढ लागण्याआधीच अंगावरचा एक थर उतरवतात आणि थांबताक्षणी जाड जॅकेट चढवतात. संघाची खरी अडचण येथूनच सुरू होते. पुढचा वेगाने निघाला तर मागच्याला घाम फुटतो आणि त्याची वाट पाहत उभा राहिलेला पुढचा गारठतो. त्यामुळे सर्वांत हळू चालणाऱ्याची चाल हीच संघाची चाल मानावी लागते, किंवा त्याच्या स्लेजवरचे काही ओझे दुसऱ्याने आपल्या स्लेजवर घ्यावे लागते.

ध्रुवीय मोहिमांबद्दल हे वाचताना मला पैठणहून पंढरपूरला निघणारी नाथांची पालखी आठवली. माझे वडील त्या दिंडीत अनेक वर्षे चालले. पायांत बळ आहे म्हणून कोणी पुढचा मुक्काम गाठत नाही, असे ते सांगत.

नॉर्वेचा शोधप्रवासी रोआल्ड अमुंडसेननेही हेच केले. हवा चांगली असली तरी बहुतेक दिवशी ठरलेले अंतर कापून त्याचे पाच जण तंबूत शिरत, आणि 14 डिसेंबर 1911 रोजी ते दक्षिण ध्रुवावर पोहोचले. ब्रिटिश शोधप्रवासी रॉबर्ट स्कॉटचे पाच जण स्वतः स्लेज ओढत 17 जानेवारी 1912 रोजी तेथे पोहोचले, पण परतीच्या वाटेवर पाचही जण मरण पावले. शेवटचा तंबू अन्नसाठ्यापासून जेमतेम वीस किलोमीटरवर होता. अतिथंड बर्फावर स्लेज वाळूत रुतल्यासारखी ओढावी लागते, कारण घर्षणाने बर्फ वितळून होणारा निसरडा पातळ थर तेथे पुरेसा तयारच होत नाही. 2009 मध्ये ध्रुवापर्यंतची संघांची शर्यत झाली, तीही नॉर्वेजियनांनीच जिंकली. रोइंगमध्ये दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवलेला जेम्स क्रॅकनेल ज्या ब्रिटिश संघात होता, तो मागे राहिला. नुसते बळ तेथे कामी येत नाही असे मला वाटते ते यामुळेच.

अमुंडसेनने स्लेज ओढायला 52 कुत्री नेली आणि 11 परत आणली. बरीचशी आधीच ठरवून मारली गेली आणि त्यांचे मांस माणसांनी व उरलेल्या कुत्र्यांनी खाल्ले. वडिलांना हे सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “मग ओझं कोण ओढलं?” ओझेही तोवर कमी झाले होते, हे माझे उत्तर त्यांना पटले नाही.