दहा मिनिटांच्या अभंगातले चौदा सेकंद

बुवांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "अभंग म्हटलाय मीच. पण ही लय माझी न्हवं. मी एवढा वढत नाही."

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या स्टुडिओत सकाळचे साडेदहा वाजले होते. खाली गल्लीत विणकरांचे माग सुरू झाले होते. शहापूर-वडगावात राहणाऱ्याला ती खटखट ऐकूही येत नाही, पण माइकला येते. म्हणून आमची सगळी रेकॉर्डिंग रात्री, माग बंद पडल्यावर चालतात. दिवसा फक्त ऐकायचं, कापायचं, जोडायचं.

भजनी मंडळ खानापूर तालुक्यातलं, कणकुंबीच्या बाजूचं. मलप्रभा उगम पावते तो डोंगराळ, पावसाळी भाग. आषाढीच्या वारीआधी त्यांना आठ अभंग रेकॉर्ड करून हवे होते आणि परवा त्यांची दिंडी निघायची होती. चार रात्री त्यांनी मनापासून गाऊन दिल्या. सात अभंग झाले. राहिला तिसरा. त्याचे दोन टेक होते, म्हणजे तो दोनदा सलग गाऊन रेकॉर्ड केला होता. दुसरा टेक फार सुरेख उतरला होता, पण त्यात दुसऱ्या चरणाला एका टाळकऱ्याला ठसका लागला. तेवढा चरण पहिल्या टेकमधून उचलून दुसऱ्यात बसवायचा, असं ठरलं. ते काम मी माझ्या हाताखालच्या मुलावर सोपवून घरी गेलो होतो. मुलगा सुळेभावीचा, म्हणजे कुमार गंधर्वांच्या जन्मगावचा. घरी कन्नड, शाळा मराठी, कान तयार, हात जलद. रात्री दोनपर्यंत बसून त्याने काम पुरं केलं.

बुवा सहज म्हणून ऐकायला आले होते. मंडळी खडेबाजारात रेनकोट आणि प्लास्टिकचे कागद घ्यायला गेली होती. बुवांची पाचवी ओळ संपायच्या आत त्यांचा चेहरा बदलला.

मी हेडफोन लावला. तीन गोष्टी एकदम खटकल्या. लय खरंच ओढल्यासारखी होती, आणि टाळांचा आवाज, जो एरवी काचेसारखा लख्ख येतो, तो जरा चोळल्यासारखा झाला होता. दुसऱ्या चरणात टाळ दोनदा पडत होते, एका टाळाला चिकटून दुसरा. आणि तिथूनच पुढे पखवाजाचा धुमा पोकळ झाला होता. कणीक लावलेल्या त्या डाव्या पुडीचा घुमारा गेला होता, नुसती थाप उरली होती.

"काका, रात्री तर सगळं बरोबर होतं की," मुलगा म्हणाला. त्याचं तोंड उतरलं होतं.

पहिला संशय सॅम्पल रेटवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले त्या आकड्यावर. फाइल ४४,१०० ची आणि प्रोजेक्ट ४८,००० चा असला आणि सॉफ्टवेअरने तो फरक सांभाळला नाही, तर गाणं जवळजवळ नऊ टक्के जलद होतं आणि जवळजवळ दीड अर्धस्वर वर चढतं. उलट झालं तर तेवढंच खाली उतरतं. मी कोपऱ्यातली पेटी उघडून सा धरला. बुवा काळी दोनमध्ये गातात, रेकॉर्डिंगही काळी दोनमध्येच होतं. लय उतरली होती, सूर जागच्या जागी. म्हणजे सॅम्पल रेट नाही.

दुसरा संशय साउंड कार्डच्या बफरवर, म्हणजे आवाज पुढे जाण्याआधी क्षणभर साठतो त्या जागेवर. आमचा बफर २५६ सॅम्पलचा, म्हणजे ४८,००० च्या हिशेबात ५.३ मिलिसेकंद. पण बफरचा उशीर सगळ्या ट्रॅकना सारखा लागतो. एकट्या धुम्याचा माइक तो मागे ओढणार नाही.

मग मी वही काढली. प्रत्येक टेकची वेळ कागदावर लिहायची आमची जुनी सवय आहे आणि ती मी कधीच सोडणार नाही. वहीत होतं: अभंग ३, टेक २, १० मिनिटं २ सेकंद. पडद्यावर तोच टेक १० मिनिटं १६ सेकंदांचा दिसत होता. मधला चरण बदलला तरी शेवट हलायला नको होता. हे चौदा सेकंद आले कुठून?

मी मुलाला जवळ बसवलं आणि विचारलं, "रात्री टेम्पोला, मिनिटाला किती मात्रा त्या आकड्याला, हात लावलास का?"

तो जरा थांबला. "लावला, काका. ८८ होता, ८६ केला."

त्याने सगळं सांगितलं. अभंग सुरू होताना पडद्यावर मात्रा दाखवणाऱ्या ८८ च्या रेघा बरोबर टाळावर बसत होत्या. पुढे बुवा विसावले तशा रेघा आणि टाळ वेगळे पडत गेले. त्याला वाटलं, आपण लय चुकीची लिहिलीय. म्हणून त्याने ८६ टाकलं.

इथे मुख्य गोम आहे. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ध्वनीचा तुकडा घड्याळाला बांधलेला असतो किंवा मात्रांना. घड्याळाला बांधला असेल तर टेम्पो काहीही करा, तो हलत नाही, फक्त मागच्या रेघा सरकतात. मात्रांना बांधला असेल तर टेम्पो बदलताच तुकडाही ताणला जातो किंवा आकसतो, आणि सूर बदलू नये म्हणून सॉफ्टवेअर आतल्या आत आवाजाचे बारीक कण करून ते पुन्हा मांडतं. आमचा प्रोजेक्ट मात्रांना बांधलेला होता. ८८ चं ८६ झालं आणि अख्खा अभंग ताणला गेला. ६०२ सेकंदांचे ६१६ झाले. मी तुकड्याची माहिती उघडून दाखवली. वेगाच्या रकान्यात १ च्या जागी ०.९७७ होतं. टाळ चोळल्यासारखे झाले ते यामुळेच. आवाज ताणला की सगळ्यात आधी टाळ, चिपळ्या, टाळी असे धारदार आवाज बोथट होतात.

बुवांना यातलं काही सांगितलं नव्हतं. दोन-सव्वादोन टक्क्यांचा फरक त्यांनी पाच ओळींत ओळखला होता.

टेम्पो परत ८८ केला. रकान्यात १ आला, शेवट १० मिनिटं २ सेकंदांवर आला, टाळ पुन्हा लख्ख झाले. बुवांना ऐकवलं. त्यांनी मान हलवली आणि चहा मागितला.

दुसऱ्या चरणाचं दुखणं मात्र तसंच होतं. मी तो भाग मोठा करून बघितला. सहा ट्रॅक: बुवांचा आवाज, पेटी, पखवाजाचे दोन माइक, टाळकऱ्यांचे दोन. पहिल्या टेकमधून आणलेले सहाही तुकडे एकाखाली एक, डाव्या कडा अगदी एका ओळीत, जणू पट्टी लावून आखलेल्या. बघणाऱ्याला वाटावं, काम फारच नीटनेटकं झालंय. मी बुवांच्या ट्रॅकमध्ये टाळाची टोकं शोधली. सगळे एकाच खोलीत बसून गातात, त्यामुळे टाळ बुवांच्या माइकमध्येही येतात. मग तेच टोक टाळकऱ्यांच्या ट्रॅकमध्ये शोधलं. दोन टोकांत ६० मिलिसेकंदांचं अंतर होतं. कडा एका ओळीत आणि आतला आवाज पुढेमागे!

हे कसं झालं ते उलगडायला तासभर गेला. सॉफ्टवेअरमध्ये वर चुंबकाचं चित्र असलेलं बटण असतं. ते चालू असलं की कापताना किंवा सरकवताना तुमचा हात जवळच्या रेघेकडे ओढला जातो. तालाच्या यंत्रावर किंवा क्लिक, म्हणजे कानात वाजणारा मात्रांचा ठोका, ऐकत वाजवलेल्या संगीताला ती फार मोठी सोय आहे. प्रो टूल्स या सॉफ्टवेअरमध्ये याला ग्रिड मोड म्हणतात, शेजारी शफल, स्लिप आणि स्पॉट असे आणखी तीन. आर्डर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्लाइड, रिपल, लॉक अशी वेगळी विभागणी आहे. नावं निराळी असली तरी काम करण्याआधी यातलं काय चालू आहे हे बघावंच लागतं.

मुलाने पहिल्या टेकचे चार ट्रॅक चुंबक चालू ठेवून कापले. ते रेघेवर कापले गेले. टाळकऱ्यांचे दोन कापताना त्याला रेघ पसंत पडली नाही, म्हणून चुंबक बंद करून त्याने टाळाच्या जरा आधी, हाताने कापलं. खरं तर हे दोनच काप बरोबर होते. मग दुसऱ्या टेकमध्ये नेताना चुंबक पुन्हा चालू केलं. सहाही तुकडे एकत्र बांधलेले नव्हते, म्हणून त्याने ते एकेक करून नेले, आणि चुंबकाने प्रत्येकाची डावी कड त्याच एका रेघेवर आणून बसवली. ज्यांचा काप रेघेवर होता ते एका जागी गेले, ज्यांचा काप ६० मिलिसेकंद आधी होता तेही त्याच जागी. चुंबकाला फक्त कड कळते, टाळ कुठे पडलाय ते कळत नाही.

८८ च्या लयीत एक मात्रा ६८२ मिलिसेकंदांची. तिचे चार भाग केले की रेघा १७० मिलिसेकंदांवर येतात, म्हणजे चुंबक एखादा तुकडा ८५ मिलिसेकंदांपर्यंत सरकवू शकतं. आणि ज्या भजनात क्लिक नाही, जिथे लय बुवांच्या श्वासावर चालते आणि गजराकडे चढत जाते, तिथे त्या रेघांचा आणि गाण्याचा संबंध पहिल्या दोन आवर्तनांनंतरच तुटलेला असतो. आठ मात्रांच्या भजनी ठेक्याची सम, म्हणजे पहिली मात्रा, बुवा मानेने दाखवतात, पखवाजवाला ती बघून धा मारतो. पडद्यावरच्या रेघेला यातलं काहीच ठाऊक नसतं.

धुम्याचं कारण त्याहून लहान होतं. धुम्याच्या माइकच्या, दुसऱ्या चरणानंतरच्या मूळ तुकड्यावर मुलाने नुसतं क्लिक केलं असावं, हात किंचित हलला, जवळच रेघ होती आणि चुंबकाने तो तुकडा तिच्याकडे ओढला. पाच मिलिसेकंद. डोळ्यांना दिसणारच नाही एवढं. पण आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. पाच मिलिसेकंद म्हणजे धुम्याचा माइक साधारण साडेपाच फूट मागे नेऊन ठेवण्यासारखं. उजव्या, शाईच्या पुडीकडच्या माइकमध्येही धुमा येतोच, आणि पाच मिलिसेकंद म्हणजे १०० हर्ट्झच्या बरोबर अर्ध्या लाटेचं अंतर. दोन माइकमधला तोच आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. पखवाज वाजवणाऱ्या आजोबांनी कणीक मळून, पुडीवर थापून, चारचारदा वाजवून बघत जो घुमारा आणला होता, तो हाताच्या एका किंचित हालचालीने गेला. मला त्याचं फार वाईट वाटलं.

हा धुमा परत आणणं सोपं होतं. सॉफ्टवेअरमध्ये कापलेलं खरं कधी कापलं जात नाही. मूळ फाइल शाबूत असते, कुठून कुठपर्यंत वाजवायचं एवढीच नोंद बदलते. शिवाय ब्रॉडकास्ट वेव प्रकारच्या फाइलमध्ये ती मुळात कोणत्या क्षणी सुरू झाली याचा शिक्का असतो. सगळे तुकडे निवडून 'मूळ जागी न्या' म्हटलं. धुमा टुणकन आपल्या जागी गेला आणि खोलीत पुन्हा घुमला. बुवा कपबशी खाली ठेवत म्हणाले, "आला की रं आमचा पखवाज."

परक्या टेकमधून आणलेल्या चरणाला हा उपाय चालेना, कारण त्याची मूळ जागा दुसरीकडेच. मग चुंबक बंद केलं, सहाही ट्रॅक नव्याने एकाच ठिकाणी कापले, एकत्र बांधले, आणि मुलाला माउस दिला. "आता रेघ बघू नकोस. बुवांची मान कुठे पडली असेल ते ऐक," म्हटलं. त्याने डोळे मिटून तीन वेळा ऐकलं आणि समेवर तुकडा ठेवला. जोडावर दहा मिलिसेकंदांचा क्रॉसफेड दिला, म्हणजे एक आवाज विरता विरता दुसरा चढतो, नाहीतर टक असा आवाज येतो. सहाही माइक जुळले. टाळ एकच पडला.

तरी बुवा समाधानी नव्हते, आणि खरं सांगायचं तर मीही नव्हतो. पहिल्या टेकमध्ये बुवा तो चरण जरा निवांत गायले होते, दुसऱ्यात त्यांना रंग चढला होता. समा जुळल्या, पण चरण सुरू होताना गाणं थबकल्यासारखं वाटायचं आणि संपताना दचकून पुढे जायचं. ताणून-आकसून ते लपवता आलं असतं. सकाळी टाळांचं काय झालं होतं ते ऐकल्यावर मला ती इच्छाच उरली नाही.

"आम्ही आज बेळगावातच हाय," बुवा म्हणाले. "माग कवा थांबतात?"

रात्री साडेनऊला मंडळी भिजत जिना चढून आली. नव्या रेनकोटांचा वास खोलीभर पसरला. आजोबांनी बरोबर आणलेल्या कणकेचा गोळा धुम्यावर थापला, अंगठ्याने कडा बसवल्या, एक थाप मारली, गोळ्यातली चिमूटभर कणीक काढली, पुन्हा थाप मारली. मुलाने न सांगता प्रोजेक्ट घड्याळाला बांधला, चुंबक बंद केलं, रेघा लपवल्या. खालचा शेवटचा माग थांबला तेव्हा दहाला दहा कमी होते.

बुवांनी 'रामकृष्ण हरी' म्हणून सुरुवात केली. या वेळी टाळकऱ्यांपैकी कुणाला ठसका लागला नाही. वहीत नोंद आहे: अभंग ३, टेक ३, ९ मिनिटं ४७ सेकंद. सकाळी आम्ही त्यांना पेनड्राइव्ह दिला, त्यात तिसऱ्या अभंगाची फाइल आहे तशी होती. तिच्यात एकही काप नाही.