आंबट द्राक्षांची भाजणी

फ्रान्समधल्या बोर्दोची पहिली रेड वाईन हातात आली तेव्हा मी बाटलीवर द्राक्षाचं नाव शोधत बसलो होतो. शातोचं, म्हणजे मळेवाल्या घराण्याच्या वाड्याचं नाव, गावाचं नाव, साल. द्राक्षाचा पत्ता नाही. मागाहून कळलं, आत एकटं कुणी नांदतच नाही. काबर्ने सोव्हिन्यों, मेर्लो, काबर्ने फ्रांक, कधी किंचित पेती व्हेर्दो, असं एकत्र कुटुंब.

मला आईची भाजणी आठवली. ज्वारी, बाजरी, हरभराडाळ, उडीद, सगळं वेगवेगळं भाजायचं, कारण प्रत्येकाला आच वेगळी लागते. बोर्दोतही प्रत्येक द्राक्ष आपापल्या वेळी पिकतं, वेगळं खुडतात, वेगळं आंबवतात. चाखत चाखत मिसळण नंतर. पेती व्हेर्दो म्हणजे भाजणीतले धने. मूठभरच, पण नसले की चुकल्यासारखं होतं.

मुळात ही काही रसिकता नव्हे, शेतकऱ्याची धास्ती. अटलांटिक जवळ, ऐन तोडणीत पाऊस कधी गाठेल नेम नाही. मेर्लोला फूट लवकर येते, ते पिकतंही लवकर. वसंतातल्या हिमाने ते मारलं तर उशिराचं काबर्ने हाती लागतं, आणि काबर्ने पावसात सापडलं तर मेर्लो आधीच घरात आलेलं असतं. आपल्याकडे तुरीत सोयाबीन घेतात, तसंच हे. जिरोंद खाडीच्या डाव्या काठाला, मेदोकमध्ये, गोट्यांची ऊबदार जमीन, म्हणून तिथे काबर्नेचा वरचष्मा: तुरट, ताठ, पहिल्या घोटाला जीभ आक्रसते. पलीकडे पोमरोलच्या चिकणमातीत मेर्लो, आलुबुखारासारखं मऊ. एकाचा कणा, दुसऱ्याचं मांस.

फ्रान्समधलेच बरगंडीवाले रेडसाठी एकट्या पिनो न्वार द्राक्षावर जीव टाकतात. थोर असेल, पण एकपात्री प्रयोग रोज नाही बघवत.

ऱ्होन नदीच्या खोऱ्यात शातोनफ द्यु पाप गावच्या वाईनला तर तेरा जातींची परवानगी, त्यात पांढरीही. (याच गावच्या महापौरांनी १९५४ साली उडत्या तबकड्यांना हद्दीत उतरायला बंदी केली होती. द्राक्षं जपावीत ती अशी.) आणि त्याच खोऱ्यातल्या कोत-रोतीला काळ्या सिरा द्राक्षामध्ये थोडं पांढरं व्हियोन्ये घालतात, कायद्याने वीस टक्क्यांपर्यंत. मिरपुडीच्या झणक्यात मधूनच जर्दाळूचा वास येतो. तिथे वेगळं आंबवणं नाही, दोन्ही एकाच पिंपात.

आईने हे चालवून घेतलं नसतं.