थांबायचं कधी, ते मी सांगणार

मे महिन्यात काटोलकडच्या एका संत्र्याच्या बागेत पंपिंग टेस्ट घेतली. बोअर आठ तास चालवली, तेव्हा साठ मीटर अंतरावरच्या दुसऱ्या बोअरमध्ये पाणी जेमतेम सहा सेंटिमीटर उतरलं. टेप पाण्याला टेकली की बीप वाजते, तो आकडा वहीत उतरवायचा. अशा पंचेचाळीस नोंदी. निघताना बागवाले काकाजी म्हणाले, "सायेब, मोटर किती घंटे चालवू, तेवढं सांगा."

रात्री नागपूरला घरी कूलरसमोर बसून थाइसचं १९३५ सालचं सूत्र (उपसा चालू असताना पाणी किती उतरेल ते सांगणारं) त्या नोंदींवर बसवायला घेतलं. शोधायचे आकडे दोनच: ट्रान्समिसिव्हिटी, म्हणजे थरातून पाणी किती सहज वाहतं, आणि स्टोरेटिव्हिटी, म्हणजे थर किती पाणी सोडतो. दोन्हींचे लॉग घेतले आणि सायपाय या पायथन लायब्ररीच्या एल-बीएफजीएस-बी सॉल्व्हरला दिले; तो फेरीमागून फेरी आकडे बदलत चूक कमीत कमी करतो. अंदाजाच्या तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून सुरुवात केली, तर ट्रान्समिसिव्हिटी ५६, ६० आणि ६५ आली. तिन्ही वेळा सॉल्व्हर म्हणतो, कन्व्हर्ज झालं, म्हणजे उत्तर सापडलं!

खोट शोधायला बारा वाजले. सूत्राची पातळी आणि मोजलेली पातळी यांतल्या चुकांचे वर्ग मी मीटरमध्ये घेत होतो. सहा सेंटिमीटर म्हणजे ०.०६ मीटर, त्याचा वर्ग केला की हातात उरतं काय? ग्रेडियंट, म्हणजे चुकीच्या बेरजेचा उतार, ०.००००१ च्या खाली गेला की (ही मर्यादा म्हणजे जीटोल) हा सॉल्व्हर आपणहून थांबतो, आणि माझा ग्रेडियंट उत्तर गाठण्याआधीच तिथे पोचत होता. एफटोलचंही, म्हणजे फेरीगणिक चुकीची बेरीज किती कमी झाली यावरच्या मर्यादेचंही, तसंच. नावाला तो सापेक्ष फरक, पण भागाकारात खाली किमान १ धरलेला असतो, त्यामुळे ती बेरीज एकाहून लहान असली की तो निव्वळ फरकच मोजतो.

सेंटिमीटर घेतले आणि बरंच सुधारलं. तरी मन भरेना. 'ग्रेडियंट इतका झाला' हे वाक्य ना मला कळतं, ना काकाजींना. मला हवं होतं ते असं: सलग पाच फेऱ्यांत दोन्ही आकडे एका टक्क्याहून जास्त हलले नाहीत आणि पाणीपातळीची वक्ररेषा अर्ध्या मिलिमीटरहून जास्त सरकली नाही, तर थांब. पाच फेऱ्या अशासाठी की अरुंद घळीत सॉल्व्हर एखादं पाऊल अगदी छोटं टाकतो, आणि त्या एका पावलावर भरवसा ठेवला की फसलो.

हे सगळं कॉलबॅकमध्ये, म्हणजे सॉल्व्हरला दिलेल्या माझ्या छोट्या फंक्शनमध्ये, लिहिलं. दर फेरीनंतर सॉल्व्हर त्याला हाक मारतो. मी त्या वेळच्या आकड्यांची प्रत यादीत ठेवतो, पाच फेऱ्यांमागच्या आकड्यांशी ताडून बघतो, आणि अट पुरी झाली की स्टॉपइटरेशन हा पायथनचा 'थांब' इशारा उठवतो. सायपाय १.११ पासून, म्हणजे २०२३ पासून, बऱ्याच पद्धतींत हे चालतं. ट्रस्ट-कॉन्स्टर या सायपायच्या दुसऱ्या पद्धतीत कॉलबॅकने ट्रू परत दिलं की काम होतं.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. कॉलबॅक सॉल्व्हरला थांबवू शकतो, पुढे ढकलू शकत नाही. सॉल्व्हरच्या स्वतःच्या अटी सैल राहिल्या तर तो तुमच्या आधीच दुकान बंद करतो. म्हणून एफटोल आणि जीटोल दोन्ही शून्य केले, आणि फेऱ्यांची कमाल मर्यादा तेवढी राहू दिली.

पुन्हा तीच तीन ठिकाणं. ६०, ६०, ६०.

त्यावरून वेळेचं गणित मांडलं आणि सकाळी काकाजींना फोन लावला. "सकाळी चार घंटे चालवा, मग संध्याकाळपर्यंत बोअरला आराम द्या." ते म्हणाले, "व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, पोराले दाखवतो."