गाडी कोण चालवत होतं?

दिल्लीहून आग्र्यामार्गे ग्वाल्हेरला येणाऱ्या दूतावासांच्या निळ्या पाटीच्या गाड्या आम्हाला नवीन नाहीत. किल्ला, तानसेन समारोह, पुढे ओरछा नि खजुराहो. हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी एखादी दिसतेच. निळी पाटी, पांढरी अक्षरं, आधी देशाचा आकडा, मग ‘सीडी’, मग गाडीचा नंबर. आमच्या आरक्षकांना, म्हणजे पोलीस शिपायांना, एवढंच माहीत असतं की अशी गाडी दिसली की सलाम ठोकायचा आणि जाऊ द्यायचं. अपघात झाला की हे अर्धवट ज्ञान विवेचकाच्या, म्हणजे तपास अधिकाऱ्याच्या, गळ्यात येतं. त्या डिसेंबरात माझ्या आलं.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले एक मराठी आजोबा, सत्तरी ओलांडलेले, स्कूटरवरून भाजी घेऊन घरी निघाले होते. वळणावर निळ्या पाटीच्या गाडीने त्यांना उडवलं. मी पोचले तोवर लोकांनी त्यांना ई-रिक्षात घालून जयारोग्य रुग्णालयाच्या ट्रॉमा सेंटरला नेलं होतं; उजव्या नडगीचं हाड मोडलं होतं. उरलेल्या जमावाने गाडीला वेढा घातलेला. मदत करणारे दोघे-तिघे, मोबाइल धरून उभे असलेले बाकी सगळे.

गाडीजवळ चौघं होती. दूतावासाचा अधिकारी, त्याची बायको, त्यांचा एक पाहुणा आणि भारतीय ड्रायव्हर. सगळ्यात जास्त आरडाओरडा पाहुण्याचा. डिप्लोमॅटिक पासपोर्ट तो माझ्या नाकासमोर नाचवत होता. गंमत अशी की त्या चौघांत ज्या दोघांना कायद्याचं खरं कवच होतं ते गप्प होते. नुसत्या पासपोर्टवर संरक्षण मिळत नाही. त्या माणसाची भारतात नेमणूक झाल्याचं आपल्या परराष्ट्र मंत्रालयाला कळवलेलं लागतं, आणि त्याचा पुरावा म्हणजे मंत्रालयाच्या प्रोटोकॉल विभागाने दिलेलं ओळखपत्र. ते अधिकाऱ्याकडे होतं आणि त्याच्या बायकोकडेही. पाहुणा सुट्टीवर आलेला. त्याला तसं सांगितल्यावर तो गाडीमागे जाऊन सिगारेट ओढत बसला.

1961चा व्हिएन्ना करार आपल्याकडे 1972च्या कायद्याने लागू आहे. राजनैतिक अधिकाऱ्याला अटक नाही, स्थानबद्धता नाही, फौजदारी खटला नाही. सोबत राहणारं कुटुंब भारतीय नागरिक नसेल तर त्यालाही हेच. दूतावासाच्या गाडीची झडती नाही, जप्ती नाही. ब्रेथ अ‍ॅनलायझर पुढे करून विचारता येतं, सक्ती करता येत नाही. पण गुन्हा नोंदवायला, फोटो काढायला, साक्षी घ्यायला, मंत्रालयाला कळवायला कुणी अडवलेलं नाही. आमच्या खात्यात निम्मे लोक हे विसरतात आणि उरलेले सोयीने विसरतात.

मी विचारलं, “गाडी कोण चालवत होतं?”

ड्रायव्हर क्षणाचाही उशीर न करता म्हणाला, “मैं, मॅडम.”

सहा फुटांचा माणूस. गाडीचं पुढचं दार उघडंच होतं. मी हात पाठीमागे बांधून बाहेरूनच बघितलं, कारण आत हात घातला असता तर तीच बातमी झाली असती. ड्रायव्हरची सीट स्टिअरिंगला इतकी चिकटलेली की त्याचे गुडघे आत मावले नसते. रहदारी तुंबली होतीच, म्हणून त्याला म्हटलं, गाडी कडेला घ्या. तो दारात वाकला आणि आत बसण्याआधी सीटखालचा दांडा ओढून सीट सरळ मागे ढकलली. अधिकारीही त्याच्याएवढाच उंच, पाहुणाही. बाई जेमतेम पाच फुटांच्या. वेळ आणि घटना मी तिथेच डायरीत लिहिली, पुढे ठाण्याच्या रोजनामच्यात घेतली. ‘मीच चालवत होते’ असं बाई म्हणाल्या नाहीत, पण नाकारलंही नाही. त्यांना विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला नवराच उत्तर देत होता, आणि साक्ष द्यायला भाग पाडणं तर करारातच बसत नाही.

ड्रायव्हरला बाजूला घेतलं. म्हटलं, या गाडीत ज्यांना वाचवायची गरजच नाही त्यांना तुम्ही वाचवताय. तुम्ही भारतीय नागरिक, दूतावासात नोकरी असली तरी तुम्हाला हे कवच नाही. अटक होईल, ठाण्यातून जामीन मिळेल, पण खटला तुमच्या नावावर वर्षानुवर्षं चालेल. तो म्हणाला, “मॅडम, नौकरी तो रहेगी. लिख लो ना मेरा नाम.”

हा एकटा असता तर प्रश्न नव्हता. आमच्या टीआयसाहेबांचंही, म्हणजे ठाण्याच्या निरीक्षकांचंही, तेच म्हणणं. माणूस कबूल करतोय, घ्या नाव, लावा कोर्टात चालान (दोषारोपपत्र), पंधरा दिवसांत फाइल बंद. साहेब वाईट नाहीत. त्यांना मासिक आढाव्यात प्रलंबित गुन्ह्यांचा आकडा सोसत नाही, इतकंच.

आणि रात्री हॉस्पिटलमध्ये आजोबांचा मुलगा. सोबतच्या काकूंनी आधी माझं आडनाव, मग माहेर विचारून घेतलं (ग्वाल्हेरच्या मराठी घरात याशिवाय पोलिसांशीही कुणी बोलत नाही), आणि मग मुलगा बोलला. “ताई, ड्रायव्हर तयार आहे ना? मग तुमचं काय जातंय? भरपाई तरी मिळेल.” मी कराराबद्दल सांगायला लागले तर म्हणाला, “मग 2013 मध्ये न्यूयॉर्कला आपल्या देवयानी खोब्रागडेंना कशी अटक झाली होती?”

प्रश्न योग्य होता. त्या वाणिज्य दूतावासात होत्या. त्यांना 1963चा वेगळा करार लागू, आणि त्यातलं संरक्षण बरंच तोकडं. मला जास्त खटकतं ते हे की त्या दुसऱ्या कराराच्या 43व्या कलमात वाहन अपघाताच्या भरपाईचा दावा चालतो, असं स्पष्ट लिहिलंय. 1961च्या करारात तो अपवाद नाही. दिवाणी दाव्यापासूनही संरक्षण. म्हणजे बाईंचं नाव चालक म्हणून लिहिलं की फौजदारी खटला जातोच, शिवाय आजोबांचा भरपाईचा दावाही अडचणीत येतो. ड्रायव्हरचं लिहिलं की मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सगळं रुळावर: चालक, मालक, विमा कंपनी.

अपघाताच्या एफआयआरमध्ये आरोपी ‘अमुक नंबरच्या गाडीचा चालक’ एवढाच लिहितात, त्यामुळे पहिल्या रात्री निभावलं. भारतीय न्याय संहितेची 281 आणि 125(ब) ही कलमं लावली, 48 तासांत द्यायचा पहिला अपघात अहवाल दिला. पण सविस्तर अहवालात चालकाच्या नावाचा नि लायसन्सचा रकाना असतो. तो रकाना मी बरेच दिवस रिकामा ठेवला. दुकानाच्या कॅमेऱ्यात गाडी दिसते, पण काचेवर ऊन चमकलेलं. ज्या ई-रिक्षावाल्याने रस्त्यावर छातीठोकपणे “औरत चला रही थी” म्हटलं होतं, त्याला ठाण्यात काही आठवेना. शेवटी मी बाईंचं नाव लिहिलं, सीटचा प्रसंग जोडला आणि ड्रायव्हरचा दावाही जसाच्या तसा लिहिला.

अहवाल एसपी कार्यालयामार्फत भोपाळ, तिथून मंत्रालय. संरक्षण सोडायचं तर त्या देशाने स्पष्ट शब्दांत सोडावं लागतं. बाई स्वतः तयार झाल्या तरी उपयोग नाही. होतं असं कधीकधी. 1997 मध्ये वॉशिंग्टनला जॉर्जिया देशाच्या एका राजनैतिक अधिकाऱ्याच्या गाडीमुळे झालेल्या अपघातात सोळा वर्षांची मुलगी गेली, तेव्हा जॉर्जियाने संरक्षण काढून घेतलं आणि त्याला शिक्षा झाली. पण ते मृत्यूचं प्रकरण होतं. नडगीच्या हाडासाठी कोण काढतंय? मंत्रालयाकडून पोच आली, पुढे काही नाही.

आजोबा आता काठी घेऊन चालतात. मुलगा भेटला की नमस्कार करतो, ‘ताई’ म्हणत नाही. दावा न्यायाधिकरणात आहे. विमा कंपनीचा वकील म्हणतो, चालकावर जबाबदारीच ठरवता येत नसेल तर आम्ही कशाचे पैसे द्यायचे? आजोबांच्या वकिलाला अजूनही ड्रायव्हरच चालक म्हणून हवा आहे. मला साक्षीचं समन्स आलंय. माझी उलटतपासणी विमा कंपनीचा वकील नाही, आजोबांचाच वकील घेणार आहे, आणि सीट मागे ढकलताना मी प्रत्यक्ष बघितलं का, असं त्याने विचारलं की मला हो म्हणावं लागणार आहे.