उरलेला वेळ डोळ्यांना दिसतो तेव्हा

बुधवार, रात्री साडेदहा

आईंच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर घरात थेंबांचे वेळापत्रक सुरू झाले असून, एक औषध घातल्यावर दुसरे घालण्यापूर्वी निदान पाच मिनिटे थांबायचे, असे डॉक्टरांनी बजावले आहे. पाच मिनिटांचे ते काय, असे ऐकणाऱ्याला वाटेल. पण त्याच पाच मिनिटांत कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असतात, टाकी भरत आली का याचे भान ठेवायचे असते आणि ऑफिसच्या बैठकीला किती अवकाश आहे, हेही मनात घोळत असते. दिवसअखेरी येणारा शीण मला कामांपेक्षा या पहाऱ्याचाच अधिक वाटतो.

म्हणून सध्या ओट्याशेजारी लाल तबकडीचा टायमर ठेवला आहे. हव्या त्या मिनिटापर्यंत तबकडी फिरवायची. वेळ सरेल तसतसा लाल भाग आक्रसत जातो आणि शून्यापाशी नाहीसा होतो. अमेरिकेतील जॅन रॉजर्स यांनी १९९४ साली, ‘अजून किती वेळ?’ असे सारखे विचारणाऱ्या आपल्या लहान मुलीसाठी असा टायमर तयार केला. घड्याळ पाहिले की नकळत वजाबाकी करावी लागते. इथे ती करावी लागत नाही, शिवाय वेळ पाहण्यासाठी फोन उचलला आणि चार निरोप वाचून खाली ठेवला, असेही होत नाही. आईंना बारीक आकडे अजून धूसर दिसतात, पण लाल रंग नीट दिसतो. त्यामुळे ‘थांब गं, अजून आहे थोडा,’ असे आता त्याच मला सांगतात.

उरलेला वेळ सर्वांना दिसावा, ही सोय आपल्याकडे जुनीच आहे. लग्नाच्या मुहूर्तासाठी घंगाळातल्या पाण्यावर तळाला बारीक छिद्र असलेले घटिकापात्र सोडत. ते भरून बुडाले की २४ मिनिटांची एक घटिका पुरी होई. लग्नघराच्या गडबडीत कोणीही डोकावून पात्र किती भरले ते पाहू शकत असे.

मात्र सगळ्यांनाच हे मानवते असे नाही. गणिताचा सराव करताना आक्रसणारा लाल भाग पाहून लेकीचा हात घाईला येतो, म्हणून तिच्या अभ्यासाच्या वेळी टायमरचे तोंड मी माझ्याकडे फिरवून ठेवते. दुपारी दोनच्या थेंबांनाही त्याचा उपयोग नाही, कारण तबकडी साठ मिनिटांचीच आहे. तिथे फोनचा गजरच लावावा लागतो.

पाण्याच्या मोटरसाठी आणखी एक टायमर घ्यावा, असे आज यांनी सुचवले. मला ते पटले नाही, कारण दोन तबकड्या झाल्या की कोणती कशाची हे पुन्हा मलाच लक्षात ठेवावे लागेल. त्यापेक्षा टाकी भरल्यावर मोटर आपोआप बंद करणारे यंत्र बसवलेले बरे. शनिवारी इलेक्ट्रिशियनला बोलावले आहे.