झंस्कारच्या गावांचं पाणी आणि बर्फाचे स्तूप

लडाखमधल्या झंस्कार रांगेच्या कुशीतल्या गावांत सातू आणि वाटाणा पिकतो तो वितळलेल्या हिमाच्या पाण्यावर, पावसाचा भरवसा नाही. खरी अडचण वेळेची. पेरणीला पाणी वसंतात हवं, हिमनद्या मात्र जूनशिवाय नीट पाझरत नाहीत. पदुमजवळच्या कुमिकमधल्या कुटुंबांना पाण्यापायीच खाली नवी वस्ती उभारावी लागली.

लडाखचे अभियंते सोनम वांगचुक यांनी २०१३-१४ च्या हिवाळ्यात लेहजवळ उभारलेला बर्फाचा स्तूप याच अडचणीवरचा उपाय आहे: हिवाळ्यातलं पाणी शंकूच्या आकाराच्या ढिगात गोठवून वसंतासाठी साठवायचं. ओढ्याच्या वरच्या अंगाला पाइप बसवायचा, तो जमिनीत खोल पुरून खाली आणायचा आणि टोकाला उभा करायचा. पंप लागत नाही, कारण उंचीतल्या दर १० मीटर फरकाला साधारण एक बार दाब मिळतो. रात्री गोठणबिंदूखालच्या हवेत फवारा उडाला की थेंब पडतापडता गोठतात. शंकूचा आकार मुद्दाम: तेवढ्याच बर्फाच्या पसरट थरापेक्षा उन्हाला पृष्ठभाग कमी मिळतो, म्हणून तो उशिरापर्यंत टिकतो.

बिघडतं ते बहुधा पाइपात. प्रवाह मंदावला की पाणी आतच गोठतं आणि पाइप फुटतो. म्हणून सखल जागी निचऱ्याची तोटी हवीच, आणि प्रवाह थांबला तर पाइप लगेच रिकामा करावा. तोंडावर जाळी नसेल तर गाळ अडकतो.

वितळलेलं पाणी शेवटी पाटातूनच जातं. तिथे पाण्याच्या पाळ्या ठरवणारा गावातला माणूस, चुरपोन, अजूनही महत्त्वाचा; त्याला विचारल्याशिवाय स्तूपाची जागा ठरवू नये.