लेन्स फ्लेअर: उन्हातल्या शूटिंगची नोंदवही, आठवडा पाच ते नऊ

मागच्या नोंदीत लिहिलं होतं, की सकाळच्या उन्हातले माझे सगळे शॉट फिकट, दुधाळ येतायत. तेव्हा मी पिक्चर प्रोफाइलला, म्हणजे कॅमेऱ्यातल्या रंग-कॉन्ट्रास्टच्या सेटिंगला, दोष दिला होता. तो चुकीचा निघाला. खरं कारण सापडायला तीन आठवडे गेले, म्हणून तेच आधी सांगते.

सूर्य फ्रेममध्ये नव्हताच. डावीकडे वर, फ्रेमच्या चांगलाच बाहेर होता. पण त्याचं ऊन लेन्सच्या पुढच्या काचेवर तिरकं पडत होतं. फ्लेअर म्हणजे लेन्सच्या आत इकडेतिकडे परावर्तित होऊन चित्रात घुसलेला नको असलेला प्रकाश. फ्लेअर म्हटलं की डोळ्यांसमोर षटकोनी ठिपक्यांची माळ येते. माळ निदान दिसते तरी, आणि दिसली की आपण कॅमेरा जरा वळवतो. हा दुसरा प्रकार मात्र अख्ख्या चित्रावर पातळ धुकं पसरवतो. काळे केस राखाडी होतात, सावल्यांतला तपशील बुडतो, आणि उन्हात कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर यातलं काहीच कळत नाही.

आता शॉट लावून झाला की मी कॅमेऱ्याच्या पुढे येते आणि थेट काचेकडे बघते. काचेच्या कडेला उन्हाची चंद्रकोर चमकत असेल तर सावली अपुरी. काळा पुठ्ठा सूर्याच्या बाजूने हळूहळू आत आणला की ती कोर बारीक होत जाते आणि एका क्षणी विझते. स्क्रीन पुढे वळवून ठेवली असेल तर त्याच वेळी हिस्टोग्रामची (चित्रात गडद-उजळ किती आहे ते दाखवणाऱ्या आलेखाची) डावी, म्हणजे गडद बाजू सरकून कडेला टेकताना दिसते. पहिल्यांदा हे दोन्ही एकदम पाहिलं तेव्हा मी दहा-बारा वेळा पुठ्ठा आत-बाहेर करून बघितला. विश्वासच बसेना.

लेन्सच्या तोंडावर सावलीसाठी हूड लावलेला असताना असं का व्हावं? माझी लेन्स 24-70 मिमीची झूम आहे. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) 24 मिमीला आडवा कोन साधारण 74 अंशांचा असतो, 70 मिमीला जेमतेम 29. हूडची कड 24 ला फ्रेममध्ये डोकावू नये म्हणून तो आखूडच करावा लागतो, आणि मी तर बहुतेक शूटिंग 50 च्या पुढेच करते. शिवाय व्हिडिओ 16:9 मध्ये असतो. फोटोच्या फ्रेमचा वरचा आणि खालचा पट्टा आपण वापरतच नाही. त्यामुळे वरून पुठ्ठा हूडपेक्षा बराच खाली आणता येतो. पुठ्ठा फ्रेममध्ये येईपर्यंत आणायचा आणि मग केसभर मागे घ्यायचा. माझ्या मते हे मॅट बॉक्स (लेन्सपुढे लावायची सावलीची चौकट) घेण्याच्या आधी प्रत्येकाने करून बघावं.

एक गोष्ट मात्र सतत सांभाळावी लागते. सूर्य तासाला 15 अंश सरकतो, म्हणजे दर चार मिनिटांनी एक अंश. वीस मिनिटांच्या मुलाखतीत सावली आपली जागा सोडते. दुसऱ्या प्रश्नाला स्वच्छ असलेलं चित्र शेवटच्या उत्तराला दुधाळ झालेलं मला एकदा एडिटिंगला बसल्यावर दिसलं, आणि दोन्ही तुकडे जुळवता जुळवेनात. तेव्हापासून प्रत्येक विरामात काच तपासते.

सातव्या आठवड्यात वेगळंच प्रकरण. संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्याचा शॉट घेतला. दिवा वर उजवीकडे, आणि खाली डावीकडे, केंद्रापासून तेवढ्याच अंतरावर, त्याच दिव्याची उलटी, फिकी प्रतिमा. पॅन करताना ती दिव्याच्या उलट दिशेला धावायची. दोष होता लेन्सच्या पुढे लावलेल्या सपाट यूव्ही फिल्टरच्या काचेचा: सेन्सरवरून परतलेला प्रकाश फिल्टरच्या मागच्या बाजूवर आपटून पुन्हा आत येतो. फिल्टर काढला, प्रतिमा गेली. आता दिवे लागल्यावर मी तो लावत नाही.

दिवसा पंचाईत अशी, की 25 फ्रेमला शटर 1/50 ठेवायचं तर उन्हात एनडी, म्हणजे प्रकाश कमी करणारा गडद फिल्टर, हवाच. व्हेरिएबल एनडीमध्ये (ज्याचा गडदपणा फिरवून बदलता येतो) दोन पोलरायझर फिल्टर असतात, म्हणजे उन्हासमोर आणखी काचा. मी एका ठरावीक घनतेच्या फिल्टरवर आले आहे आणि फरक स्पष्ट आहे. एनडी टाळून अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) बारीक करणंही करून पाहिलं. एफ 2.8 ला, म्हणजे छिद्र मोठं असताना, फ्लेअरचे ठिपके मोठे आणि पसरट असतात, एफ 16 ला लहान पण रेखीव, आणि रेखीव ठिपका जास्त खुपतो.

काचा कमी करण्यावर माझा एवढा भर का, तर हिशेब असा आहे. कोटिंग नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे 4 टक्के प्रकाश परत फेकतो. लेन्समध्ये असे 20 पृष्ठभाग असतील तर दोनदा परावर्तित होण्याच्या 190 जोड्या तयार होतात. 1935 मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तन रोखणाऱ्या कोटिंगचं पेटंट घेतलं, आणि आजच्या बहुपदरी कोटिंगमुळे हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतं. पण त्या कोटिंगवर बोटाचा ठसा उमटला की मेहनत पाण्यात. मी अंधाऱ्या खोलीत लेन्सच्या तोंडाभोवती टॉर्च फिरवून पाहिली: पुसलेल्या काचेवर आणि ठसा असलेल्या काचेवर, प्रकाश एकाच जागी. ठशाच्या काचेवर अख्खी फ्रेम उजळली. ही टॉर्चची चाचणी तुम्हीही करा. आपली लेन्स नेमकी कोणत्या कोनाला धोका देते हे पंधरा मिनिटांत कळतं.

फोनवाल्यांसाठी थोडक्यात: फोनच्या चित्रात उमटणारा तो हिरवा फ्लेअरचा ठिपका सूर्य फ्रेममध्ये असेपर्यंत पुठ्ठ्याने जाणार नाही. सूर्य फांदीआड किंवा माणसाच्या डोक्याआड घ्या. नंतर पुसून काढणं त्रासाचं, कारण ठिपका दृश्याबरोबर हलत नाही.

सगळाच फ्लेअर मी काढत नाही. आठव्या आठवड्यात गवताचा एक शॉट मिळाला: सूर्य पात्यांच्या मागे, वारा आला की तो उघडतो आणि झाकतो, आणि त्या तालावर चित्र दुधाळ होतं, पुन्हा गडद होतं. तो जसा आला तसाच ठेवलाय.

आता पाळी अ‍ॅडॅप्टरची. लेन्स कॅमेऱ्याला जोडणारा हा भाग आतून चकचकीत आहे, आणि टॉर्च वरून धरली की त्याची कड उजळते. काळा मखमली कागद आणलाय. कागद लावण्याआधीचे टॉर्चचे शॉट घेऊन झाले आहेत. नंतरचे पुढच्या नोंदीत.